मागच्या दारची मावशी

१

“चार दिवस थांब म्हणे! खारवलेल्या मुळ्याचं पिंप आहे का रे मी, चार दिवस अंगणात ठेवायला?” तोमे मावशीने पुन्हा दारावर थाप मारली. “उघड म्हणते ना!”

“मावशी, माझ्या हातात असतं तर केव्हाच—”

“तुझ्याच हातात आहे. अडसर कुठल्या बाजूला? आतल्या. आत कोण? तू. मग?”

दाराआडून एक लांब सुस्कारा आला. ज्याचं नाव घेतलं की राजधानीतले चोर वाट बदलत, त्या त्सुनाचा तो सुस्कारा होता. पण मावशीला त्याचं काय! तिने त्याला नाक पुसायला शिकवलं होतं.

“मालकांनी शब्द घेतलाय माझ्याकडून,” तो म्हणाला. “सात दिवस दार बंद. तीन झालेत. तोवर बाई नको, बुवा नको, मांजरसुद्धा नको.”

“मग मी कशात मोडते? बाईत, बुवात, की मांजरात?”

“मावशी!”

“नाही, सांग ना. कळू दे एकदा. तीन वर्षांचा होतास, आई गेली तुझी. माय मरो नि मावशी जगो, असं लोक नुसतं म्हणतात. माझ्या वाट्याला ते खरंच येऊन पडलं. उन्हाळ्यात रात्रभर वारा घातला, थंडीत माझ्या अंगावरचं काढून तुझ्या अंगावर टाकलं. आणि आता पेटीतल्या एका मेलेल्या हातासाठी—”

“मेलेला नाही तो.”

हे तो इतक्या हळू म्हणाला की मावशीची उगारलेली मूठ तशीच राहिली.

“काय म्हणालास?”

“पुलावर मी तो तोडला, तेव्हा मलाही वाटलं, संपलं. पण मेलेला नाही, मावशी. मिटतो नि उघडतो. आणि तो ज्या राक्षसाचा, तो राक्षस न्यायला येणार. म्हणून ही बंदी.”

२

दर वर्षी अकराव्या महिन्यात तोमे मावशी वातानाबेच्या धक्क्यावर मिठाच्या नावेत बसायची. नदीने दोन दिवस वर, मग अर्धा दिवस पायी, की राजधानी. बरोबर एक गाठोडं. त्यात सुकवलेले मासे, आणि त्सुनासाठी शिवलेला थंडीचा अंगरखा, आत रेशमाचा कीस भरलेला. धड शिवून आणायची, पण बाह्या सुट्या ठेवायची. त्या इथे येऊन, त्याला समोर उभं करून, अंगावर मापून जोडायची. माणूस वर्षभरात कुठे भरला नि कुठे झिजला, ते बाही जोडताना कळतं. विचारून कळत नाही. विचारलं की सगळे ‘बरा आहे’ म्हणतात.

यंदा तिची घाई वेगळी होती. डोळ्यांवर साय धरली होती. डावा तर गेलाच होता, उजव्यात बोटभर फट उरली होती आणि तीही महिन्यागणिक बुजत होती. पुढच्या थंडीत त्याचा चेहरा हाताने चाचपायचा, हे तिने मनाशी कबूल केलं होतं. पण त्याआधी एकदा नीट बघून ठेवायचा होता. आणि नाव उद्या उजाडताच परत निघणार होती, वर्षातली शेवटची. म्हणजे ही एक दुपारच काय ती हातात.

अकराव्या वर्षी त्सुना मालकांच्या चाकरीला निघाला, तेव्हाचीही अशीच दुपार. धक्क्यावर हमाल, कोळिणी, सगळं गाव. मावशी रडली नाही. नाव सुटली तसा तिने काठावरचा दोर धरला आणि बोरूच्या बेटापर्यंत चिखलातून नावेबरोबर चालत गेली. दोर सोडायच्या वेळी एवढंच म्हणाली, “उपाशी राहू नकोस.” दुसरं काही सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी हमालांदेखत ती बोलली नसती.

तेव्हापासून दर वसंतात मिठाच्या नावेबरोबर त्याचा निरोप यायचा: मावशीला सांगा, उपाशी नाही. नावाडी हसायचा. एवढा मोठा वीर, आणि निरोप काय, तर जेवलो! मावशी त्याला म्हणायची, “कान गेलेत माझे, पुन्हा सांग.” कान तिचे अगदी ठणठणीत होते.

तर त्या दुपारी ती फाटकाशी आली. तिथे बंदी सांगणारी वाळुंजाच्या लाकडाची पाटी टांगलेली होती आणि पाटीखाली म्हातारा दरवान हिकोजी शेगडीवर हात शेकत बसला होता. बंदीमुळे त्यालाही घरात जायची मनाई होती.

“पुन्हा आलात?” तो म्हणाला.

“पुन्हा काय रे? वर्षाने येतेय.”

“अहो, मघाशी नाही का, मागच्या अंगाला गेलात. मी हाक मारली, तर वळून बघितलंसुद्धा नाहीत.”

“सकाळीच चढवलीस वाटतं.”

“थेंब नाही, बाईसाहेब! बंदी आहे ना घरात.”

“म्हणजे तुझेही डोळे गेले. चल, आपण दोघं काठी वाटून घेऊ,” असं म्हणून मावशीने त्याला दोन सुके मासे दिले. मासे घेतल्यावर हिकोजीला दुसरीकडे बघायची सवय होती. मावशी अंगणात शिरली.

३

“मिटतो नि उघडतो म्हणजे?” तिने दाराच्या फळीला कान लावला.

“ऐक.”

आधी नुसतं लाकूड ऐकू आलं, थंडीने आखडणारं. मग शेगडीतला कोळसा. मग त्याच्याही पलीकडे, खोलीच्या पोटातून, बारीकसा आवाज. सुपात तांदूळ निवडावेत तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. नखं.

मावशीने कान काढून घेतला. “उंदीर आहे.”

“पेटीला सात दोऱ्या बांधल्यात, मावशी.”

“मग सात दोऱ्यांतला उंदीर आहे. तू काय खातोयस आत?”

“भाताची पेज.”

“नुसती? म्हणूनच तुला आवाज ऐकू येतात. दार उघड, मासा भाजून देते.”

तो ओशाळून म्हणाला, “राग मानू नकोस. जोतिषी म्हणालेत, ते ओळखीच्या तोंडाने येईल.”

“अस्सं! म्हणजे मी राक्षसीण.”

“मी कुठे म्हटलं?”

“तोंडाने नाही म्हटलंस. विचार की मग. काय विचारायचं ते विचार. त्या जोतिष्याच्या बापालाही माहीत नसेल असं विचार.”

“... मला खेकडा कुठे चावला होता?”

“डाव्या पायाच्या करंगळीला. आणि त्याच खेकड्याचं कालवण खाल्लंस तेव्हा रडायचा थांबलास.”

आतून हसू आलं, तेच जुनं, नाकातून येणारं. मावशीचाही चेहरा सैल झाला. तेवढ्यात घराच्या मागून, वाऱ्यावर यावं तसं, कुणीसं म्हणालं: “... रडायचा थांबलास.”

बोललेलं परत येतंय, मावशीला वाटलं. मागे मातीची उंच भिंत आहे. नदीवर नाही का नावाड्यांची हाळी पलीकडच्या काठावरून परत येत!

“अजून पुरावा हवा? डाव्या खांद्यावर तीळ आहे, तिळात केस आहे. आणि सात वर्षांचा होईतो अंथरूण—”

“मावशी! हिकोजी ऐकतोय!”

“ऐकू दे. सात वर्षांचा होईतो अंथरूण रोज उन्हात घालावं लागायचं.”

“... रोज उन्हात घालावं लागायचं,” मागून आलं. या वेळी अर्ध्याच श्वासाच्या अंतराने.

“आणि एका जागी उभी राहा गं,” त्सुना आतून हसतच म्हणाला. “घराला फेऱ्या कसल्या घालतेस? कधी पुढून बोलतेस, कधी मागून.”

४

मावशी एका जागीच उभी होती. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणजे नक्कीच एका जागी.

ती बुद्धीने चालणारी बाई होती. गावात कुणाच्या अंगात आलं की तिथे पाण्याची घागर घेऊन पहिली जाणारी. तिने ठरवलं, शांत राहून बघू. मी गप्प, तर भिंतही गप्प. तोंड मिटलं आणि श्वास रोखून धरला. अंगण शांत. कौलांच्या कडेला कावळा पाय बदलत होता तेवढंच. मागेही शांत.

मग मागे कुणीतरी श्वास सोडला.

तिने आपला सोडला नव्हता.

वारा, ती मनाशी म्हणाली. पण बोटं गाठोड्याच्या गाठीवर गेली, कारण बोटांना काहीतरी काम हवं होतं. “इसोमारू,” ती म्हणाली. हे त्याचं लहानपणचं नाव. ते ती सहसा घेत नसे. “बोलण्यावर भरवसा नाही ना तुझा? टाका तर ओळखशील? बाही सरकवते दाराखालून. बघ, आणि मग बोल.”

“इसोमारू,” मागून तो आवाज म्हणाला. आता जवळजवळ बरोबरीने.

गाठोडं सुटलं. मासे होते. अंगरख्याचं धड होतं. डावी बाही होती. मावशीने धड उलटं केलं, झटकलं, माशांची पुडी उचलली, अंगणातली फरशी चाचपली. उजवी बाही नव्हती. सकाळी नावेतून उतरताना तिने स्वतः दोन्ही बाह्या एकमेकींत घालून ठेवल्या होत्या, हात गुंफावेत तशा. वाटेत पुलापाशी टेकली होती खरी, पण गाठोडं मांडीवर होतं, आणि ती काही झोपली नव्हती. नव्हती ना?

होती ती बाही तिने दाराखाली सरकवली. दुसऱ्या टोकाने ती हळूच ओढली गेली. 

“तुझाच टाका,” तो म्हणाला. “दर सातवा उलटा. हा कुणाला जमत नाही.” आत कापड उलटल्याचा आवाज झाला. “पण आता ही डावी. उजवी तर मघाशी दिलीस ना.”

“कधी?”

“तू पुढे यायच्या आधी. मागच्या दाराखालून. बोलली मात्र काही नाहीस. मी दोनदा हाक मारली. तू आलीस नि बोलत नाहीस, म्हणजे फार रागावलीयस, असं वाटलं मला.”

मावशीने आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला. नीट दिसेना, म्हणून डाव्या हाताने त्याची बोटं मोजली. पाच. पहिल्या बोटाला सुईची टोचणं. ओळखीची, खरखरीत. हात जागेवर होता. हे असं मोजावंसं का वाटलं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

५

घराच्या चहूबाजूंनी अरुंद पडवी होती. मावशी भिंतीला हात लावत कोपऱ्यापर्यंत गेली. अजून दिवे लागले नव्हते; उन्हाची एक पिवळी पट्टी परसात पडली होती. कोपऱ्याशी तिने चांगला डोळा पुढे केला.

परस रिकामं होतं. वाळलेले मुळे टांगलेले, पाण्याचं पिंप. मग तिला पिंप वाटलं होतं ते हललं.

मागच्या दाराला तोंड लावून एक म्हातारी उभी होती. पाठीत तशीच वाकलेली. कंबरेला तीच दोरी, दोन ठिकाणी गाठ मारलेली. ती गाठ मावशीने परवा नावेत मारली होती. डावा तळवा फळीवर टेकला होता, मायेने, आजारी पोराच्या कपाळावर टेकावा तसा. उजवी बाजू वाऱ्याने हलत होती. नुसतं कापड. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यात काही नसतं, तसं त्यात काही नव्हतं.

हे सगळं बोटभर फटीतून, दोन श्वासांपुरतं. त्यावर शपथ घ्यायला मावशीला कुणी सांगितलं असतं, तर तिने घेतली नसती.

पण एक गोष्ट तिने पाहिली आणि ती पुढे आयुष्यभर डोळ्यांपुढून गेली नाही. ती म्हातारी थंडीने कापत होती. ते नाटक नव्हतं. कुणाला दाखवायला? परसात कुणी नव्हतंच. तिला आपला हात परत हवा होता, एवढंच. मावशीला क्षणभर दयाच आली, आणि त्या दयेचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

ती म्हातारी मान वळवणार, हे तिच्या मानेवरून कळलं. मावशी वळली, आणि डोळे असलेल्या बाईला पळता येणार नाही अशी भिंतीच्या आधाराने पळत पुढच्या दाराशी आली.

“हिकोजी!”

फाटकाशी शेगडी धुमसत होती. शेजारी अर्धा खाल्लेला मासा. माणूस नव्हता. दोन मावश्या ऐकल्यावर एका तरी मावशीपासून लांब गेलेलं बरं, असा त्याने विचार केला असणार. शहाणा माणूस.

“इसोमारू! त्या दाराशी आहे ती मी नाही!”

“इसोमारू! त्या दाराशी आहे ती मी नाही!”

आता मागचं-पुढचं काही उरलं नव्हतं. दोन्ही आवाज एकदम. तोच घोगरेपणा, तोच ‘सो’वरचा हेल, तीच धाप. मावशीला स्वतःचं बोलणं स्वतःच्या कानात दुसऱ्याचं वाटलं.

आत त्सुना उठून उभा राहिला. जमीन करकरली. तलवार म्यानातून निघते तो आवाज मावशीला माहीत होता.

६

“आता कळलं,” तो म्हणाला. आवाजात हसू राहिलं नव्हतं. “तुम्ही दोघी आहात. एक माझी मावशी, आणि एक ते. थांब, मावशी. बाहेर येतोय.”

“अडसर काढू नकोस!” दोन्ही दारांतून.

“मग काय करू? तुला त्याच्याबरोबर अंगणात ठेवून आत पेज पीत बसू?”

“मालकांना शब्द दिलायस!”

“मालकांच्या पाया पडेन. रागावतील, रागावू देत.”

पोरगं लहानपणापासून असंच. वाहून जाणारं कुत्र्याचं पिल्लू दिसलं की नदीत उडी. पोहता येतं की नाही याचा विचार मागाहून. तोमे मावशीला त्या स्वभावाचा केवढा गर्व होता! आज तोच स्वभाव अडसरावर हात ठेवून उभा होता. तिला दिसत होतं, पुढे काय होणार ते. अडसर निघायचा अवकाश. मागचा निघो नाहीतर पुढचा. परसातलं ते थंडीने कापणारं म्हातारपण एका ढांगेत आत असणार, आणि पेटीतला हात बोटं पसरून वाट बघत असणार.

“एक विचारतो,” तो म्हणाला. “एकच. मला नावेत बसवलंस त्या दिवशी, दोर सोडताना, तू मला काय म्हणालीस? ते आपल्या दोघांशिवाय कुणाच्या ध्यानात नसेल. जिचं उत्तर बरोबर, तिचं दार उघडतो. दोघींचं बरोबर आलं, तर दोन्ही उघडतो आणि काय व्हायचं ते होऊ दे. आणि गप्प राहिलात, तर त्याने तुला गिळलं असं समजून बाहेर येतो.”

मावशीच्या ओठांवर ते तीन शब्द आलेच. वीस वर्षं तिने ते जपले होते. मीठ जपतात तसे, ओल लागू न देता. तोंड उघडलं आणि तिला ऐकू आलं: मागेही कुणीतरी तोंड उघडलं होतं. ओठ सुटल्याचा तो एवढासा आवाज. पुढे काही नाही. ते वाट बघत होतं. त्याला तेवढंच येत होतं, तिचं ऐकून म्हणायचं. आत्तापर्यंत जे जे म्हणून त्याने या पोराला अर्धं जिंकलं, तो खेकडा, तो तीळ, ते अंथरूण, सगळं तिनेच त्याच्या तोंडात घातलं होतं. घास भरवावा तसं.

दाराच्या दोन फळ्यांत एक चीर होती. मावशीने तिला डोळा लावला. आत शेगडीचा लाल उजेड होता, आणि त्या उजेडात, चिरेएवढाच, तो. कान. गालाचं हाड. कानापाशी पांढरे झालेले केस; हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खांदा उतरला होता. बाही दोन बोटं आत घ्यावी लागली असती.

तो तिच्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून, लहानपणी गोष्ट ऐकताना बसायचा तसा, ऐकत होता.

तिने त्याला बघून घेतलं. जेवढं दिसलं तेवढं.

मग तळवा फळीवर टेकला आणि उत्तर दिलं. आवाज बदलला नाही, कापू दिला नाही. मागच्या दारातूनही तेच उत्तर आलं, शब्दाला शब्द, एकाच श्वासात, तिच्यापेक्षाही तिच्यासारखं.

 मग अर्धा उचललेला अडसर परत खाचेत बसला, धप्प.

“बरं झालं,” त्सुना म्हणाला. इतका मोकळा श्वास त्याने तीन दिवसांत घेतला नसेल. “दोन्हीकडे तूच आहेस होय! आणि मी उगाच घाबरत होतो. माझी मावशी घरी आहे. जेवून झोपलीही असेल. ऐक गं, जी कोण असशील ती. माझी मावशी मरेल, पण असं म्हणणार नाही.”

परसातून फळीवर एक लांब ओरखडा उमटला. त्यानंतर काहीतरी भिंतीवर चढलं, चढताना एकदा घसरलं, एकाच हाताने चढणाऱ्याने घसरावं तसं, आणि पलीकडे गेलं. मावशीने गाठोडं बांधलं. फाटकाशी पोचली तेव्हा मागून जळका वास आला, केस जळल्यासारखा. रेशमाचा कीस जळला की तसाच येतो. त्याने दोन्ही बाह्या शेगडीत घातल्या होत्या. हे तो बरोबर करतोय, असं तिला वाटलं. बिनबाह्यांचा अंगरखा तिने नावेत स्वतःच्या गुडघ्यांवर पांघरला.

डोळ्यातली फट त्याच थंडीत मिटली. राजधानीत नंतर गोष्ट फिरली की राक्षसीण मावशीच्या रूपात आली, त्सुनाने दार उघडलं, तिने हात पळवला आणि छप्पर फोडून गेली. छप्पर फुटल्याशिवाय लोकांना गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटत नाही. पण तेव्हापासून त्या घरी मावशीच्या तोंडाने येणाऱ्या कुणालाही दार नव्हतं. ते ती न सांगता समजून होती. ती पुन्हा गेली नाही.

वसंतात नावाडी आला. “मावशीला सांगा, उपाशी नाही,” तो हसत म्हणाला. “आणि म्हणाले, यंदा आली नाहीस ते फार बरं केलंस.”

“हो,” मावशी म्हणाली. “थंडी फार होती. पुन्हा सांग बघू, कान गेलेत माझे.”

त्या दाराशी आपण काय उत्तर दिलं, ते मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. फळीवर तळवा टेकून, चिरेतून त्याच्या पांढऱ्या केसांकडे बघत, ती म्हणाली होती, “दोर सोडला आणि म्हटलं, गेली एकदाची ब्याद!”